वायफाय आहे, नेट नाही

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या गणपतीत मी माहेरी, चिपळूणजवळच्या आमच्या गावी गेले होते. गौरीजेवणाच्या रात्री पाने उचलल्यावर वीस-बावीस माणसे माजघरात जमली आणि माझ्या भाच्याने, म्हणजे दादाच्या थोरल्या मुलाने, धाकट्याच्या मुंजीचा व्हिडिओ टीव्हीवर लावायचे कबूल केले. मुंज मे महिन्यात पुण्यात झाली होती आणि गुडघ्यांमुळे आईला तिथे जाता आले नव्हते, त्यामुळे खरी प्रेक्षक तीच होती. पण त्याच संध्याकाळी पावसात कुठेतरी फायबरची केबल तुटली. भाचा फोनशी थोडा वेळ झटला आणि म्हणाला, "आत्या, वायफाय गेलंय. आता काही दिसायचं नाही." मग फोनच हातोहात फिरू लागला. आईने चष्मा दोनदा पुसला आणि वीतभरही नसलेल्या त्या पडद्यावर ती बटू शोधू लागली.

मी उठून राउटर पाहिला. त्याच्यावरचा 'एलओएस' असे लिहिलेला दिवा लाल लुकलुकत होता, म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशाचा संदेश तुटलेला होता. मात्र त्याच्या शेजारचा वायफायचा दिवा शांतपणे हिरवा होता. भाच्याने सांगितलेले वाक्य अर्धेच खरे होते. नेट गेले होते, वायफाय कुठेही गेलेले नव्हते.

आपल्या बोलण्यात हे दोन शब्द आता इतके एकजीव झाले आहेत की त्यांतला फरक सांगू लागले तर लोकांना तो शब्दच्छल वाटतो. परंतु घरातला व्हिडिओ घरातल्या टीव्हीवर दाखवण्याचा सगळा व्यवहार याच फरकावर उभा आहे. इंटरनेट हा घराचा पुढचा दरवाजा आहे आणि वायफाय ही आतली दारे आहेत. पुढचा दरवाजा बंद झाला म्हणून माजघरातून स्वयंपाकघरात जाता येत नाही, असे कधी होत नाही. फोन आणि टीव्ही दोघेही एकाच राउटरला जोडलेले असतील, तर मुंजीच्या व्हिडिओला घराचा उंबरा ओलांडण्याचे काहीच कारण नाही.

भाच्याच्या फोनमधला तो अकरा मिनिटांचा व्हिडिओ सुमारे दीड जीबीचा होता. मी तो क्विक शेअरने माझ्या फोनवर घेतला. शेजारी ठेवलेले दोन फोन एकमेकांशी थेट जोडून फाइल पाठवण्याची ही सोय आहे आणि तिलाही नेट लागत नाही. ॲपलच्या फोनवर हेच काम २०१३ पासून एअरड्रॉप करते. माझ्या फोनवर फोनचेच छोटे मीडिया सर्व्हर, म्हणजे इतर उपकरणांना व्हिडिओ पुरवणारे कोठार, बनवणारे एक ॲप आधीपासून होते. ते सुरू करताना फोनने विचारले की या वायफायवर इंटरनेट नाही, तरीही जोडलेले राहायचे का. बहुतेक माणसे इथेच फसतात, कारण 'नाही' म्हटले की फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि मग तो टीव्हीला दिसेनासा होतो. मी 'हो' म्हटले, टीव्हीच्या सोर्सच्या यादीत माझ्या फोनचे नाव उमटले आणि मिनिटभरात माजघराच्या भिंतीवर मातृभोजन सुरू झाले.

टीव्हीला फोनचे नाव कळले कसे, असे दादाने नंतर विचारले. त्याचे उत्तर असे की ही उपकरणे एकमेकांना हाक मारतात. घरातल्या जाळ्यावर आलेले प्रत्येक उपकरण 'मी इथे आहे, मला चित्रफीत दाखवता येते' किंवा 'माझ्याकडे चित्रफिती आहेत' अशी दवंडी अधूनमधून पिटत असते आणि बाकीची उपकरणे ती ऐकून आपापल्या याद्या तयार करतात. या दवंडीची, फायलींची आणि हुकुमांची भाषा सगळ्या कंपन्यांची एक असावी, यासाठी २००३ मध्ये सोनी, इंटेल आणि इतरांनी मिळून एक संघटना काढली. तिने ठरवलेला डीएलएनए हा संकेत असंख्य टीव्हींमध्ये शिरला. संघटना २०१७ मध्ये बंद झाली, पण तिची भाषा टीव्ही अजून बोलतात. पाहुण्यांसाठी राउटरवर जे वेगळे 'गेस्ट' जाळे काढलेले असते, त्यात मात्र एका उपकरणाची हाक दुसऱ्याला ऐकू जाऊ नये अशीच व्यवस्था असते. सुरक्षेसाठी ती योग्यच आहे. फक्त पाहुण्याच्या फोनमध्ये टीव्ही दिसत नसेल, तर टीव्हीला दोष देण्याआधी पाहुणा कोणत्या जाळ्यावर आहे ते पाहावे.

फोनवरून टीव्हीवर चित्र पाठवण्याचे प्रकार वरवर सारखे दिसतात, पण आतून ते फार वेगळे आहेत. यूट्यूब पाहताना आपण कोपऱ्यातले कास्टचे चिन्ह दाबतो, तेव्हा चित्र फोनमधून जातच नाही. फोन फक्त वाण्याची चिठ्ठी लिहून टीव्हीच्या हाती देतो आणि टीव्ही स्वतः दुकानात जाऊन माल आणतो. २०१३ मध्ये अमेरिकेत ३५ डॉलरना विकायला आलेल्या क्रोमकास्ट या टीव्हीला लावायच्या छोट्या उपकरणाने ही पद्धत घरोघरी नेली. अशा वेळी फोन खिशात टाकला तरी कार्यक्रम चालू राहतो, मात्र नेट गेले की दुकानच बंद होते. मुंजीच्या व्हिडिओची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे माल फोनमध्येच असतो आणि फोनच दुकानदार होतो. ॲपलने २०१० पासून आणलेले एअरप्ले या दोन्ही रीतींनी काम करू शकते. उरला फोनचा अख्खा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर उमटवण्याचा प्रकार. २०१२ मध्ये आलेल्या मिराकास्टला तर राउटरही लागत नाही, फोन आणि टीव्ही परस्पर जोडले जातात. पण त्यात फोन प्रत्येक क्षणाचे चित्र नव्याने आवळून पाठवत असतो, म्हणून तो तापतो, बॅटरी खातो, आणि मुंजीच्या ऐन भिक्षावळीत कोणाच्या तरी बँकेचा ओटीपी टीव्हीवर झळकतो. अगदी दुसरा उपायच नसेल तेव्हा ही रीत वापरावी, असे माझे मत आहे.

आता चित्र का अडखळते, याविषयी. आपण मला ऐकत आहात तेही बिनतारीच आहे, तेव्हा तुलना रेडिओशीच करू. आकाशवाणीच्या पुणे केंद्राचे मध्यम लहरींवरचे प्रक्षेपण ज्यांनी ७९२ किलोहर्ट्झवर ऐकले आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचणारी लहर सुमारे ३७८ मीटर लांबीची होती. एवढी लांब लहर टेकडीला वळसा घालते आणि घराच्या भिंतीची तिला फारशी तमा नसते. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची असते आणि ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी. फूट-दीड फूट जाडीची चिऱ्याची भिंत, लोखंडी कपाट, पाण्याने भरलेली मत्स्यपेटी, हे सगळे तिच्या वाटेतले डोंगर आहेत. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण एका खोलीपुरता. दोन भिंतींपलीकडे २.४ बरा, फक्त त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन या सगळ्यांची गर्दी असते. आपल्याकडे २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ चा बराचसा भाग २०१८ मध्ये, त्यामुळे घरातला जुना राउटर दुसऱ्या पट्ट्यावर बोलतच नसेल अशीही शक्यता असते.

आमच्या घरी राउटर ओटीवर आहे, कारण केबल आणणाऱ्या माणसाला तिथे भोक पाडणे सोपे गेले. टीव्ही माजघरात आहे. फोनमधून निघालेले चित्र थेट टीव्हीकडे जात नाही. ते आधी ओटीवर राउटरकडे जाते आणि तिथून परत माजघरात येते, म्हणजे एकाच हवेतून दोन फेऱ्या होतात आणि दोन्ही फेऱ्यांना भिंत आडवी येते. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय बिनतारी नाही. टीव्हीच्या मागे नेटवर्कच्या तारेसाठी खाच असते. राउटरपासून तिथपर्यंत एक तार ओढली की हवेतली एक फेरी कमी होते. दादाने दुसऱ्याच दिवशी तुळईच्या कडेने तशी तार नेली आणि अडखळणे थांबले.

कधी कधी वेग पुरेसा असतो, फाइलही यादीत दिसते, पण टीव्ही म्हणतो की हे स्वरूप चालत नाही, किंवा नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. याचे कारण बहुधा आवळण्याच्या पद्धतीत असते. २००३ मध्ये आलेली एच.२६४ ही पद्धत जवळजवळ प्रत्येक टीव्हीला कळते. २०१३ ची एचईव्हीसी तेच चित्र जवळपास निम्म्या जागेत बसवते, आणि आयफोन २०१७ पासून तिच्यात चित्रण करू लागले. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये दिलेल्या हिशोबानुसार एचईव्हीसीत साध्या एचडीचे एक मिनिट सुमारे ६० एमबी होते आणि फोर-केचे १७०. जुन्या टीव्हीला ही नवी लिपी वाचता येत नाही, तेव्हा मधे कोणीतरी दुभाषी बसवावा लागतो. तो फोन असू शकतो, पण फोनवर हा भार टाकणे म्हणजे पाहुण्यांच्या पंगतीत नव्या नवरीला एकटीला वाढायला लावणे होय.

म्हणून घरातला जुना लॅपटॉप विकू नये. आमच्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात आता असाच एक, पडदा तडकलेला, लॅपटॉप राउटरला जोडून ठेवलेला आहे आणि त्यावर जेलीफिन हे मोफत सॉफ्टवेअर बसवले आहे. ते व्हिडिओंची यादी टीव्हीला देते आणि गरज पडली तर दुभाष्याचे कामही करते. घरातले फोन रात्री चार्जिंगला लागले की सिंकथिंग नावाचे दुसरे मोफत सॉफ्टवेअर दिवसभरातली नवी चित्रणे वायफायवरूनच त्या लॅपटॉपवर आणून ठेवते. २०११ पर्यंत आयफोनला संगणकाशी असा ताळा, म्हणजे सिंक, घालायला तारच लागत असे. आज ती लागत नाही, पण बहुतेक घरांतला ताळा हजारो मैलांवरच्या संगणकावरून फिरून येतो. गूगल फोटोजवरची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ रोजी संपली आणि आता खात्याला मिळणाऱ्या १५ जीबीतच फोटो, मेल सगळे बसवावे लागते. मुंजीसारखे चार समारंभ झाले की ती भरते.

ताळा हा शब्द मी मुद्दाम वापरत आहे. दोन वह्यांचा ताळा ठेवायचा म्हटले की एका वहीत खोडलेले दुसऱ्या वहीतही खोडावे लागते. सिंक नेमके हेच करते, आणि प्रती जपून ठेवणे हे त्याचे काम नव्हे. माझ्या एका नातलग बाईंनी फोनमधली जागा संपली म्हणून मुलीच्या डोहाळजेवणाचे सगळे व्हिडिओ पुसले, कारण 'ते वर आहेतच' असा त्यांचा समज होता. वरचेही पुसले गेले. अशा सेवांमध्ये खोडलेली वस्तू काही दिवस, कुठे तीस तर कुठे साठ, कचऱ्याच्या पेटीत पडून असते, पण बाईंना हे चौथ्या महिन्यात कळले. आम्ही सिंकथिंगमध्ये फोन फक्त पाठवील आणि खोडलेले लॅपटॉपवरून खोडले जाणार नाही अशी मांडणी केली आहे, आणि दर दिवाळीला सगळे एका सुट्या हार्ड डिस्कवर उतरवून ती दादाच्या पुण्याच्या घरी ठेवतो.

या लॅपटॉपमुळे आईला माळ्यावरच्या कॅसेटी आठवल्या. दादाचे लग्न, माझे लग्न आणि आणखी काही, अशा सात व्हीएचएस कॅसेटी ट्रंकेत होत्या. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, त्यामुळे आता चालू स्थितीतले यंत्र शोधण्यापासूनच सुरुवात होते. कोकणच्या हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते आणि अशी कॅसेट तशीच लावली तर यंत्राचे हेडही खराब होते. दोन कॅसेटी त्यामुळे आम्ही बाजूला ठेवल्या. उरलेल्या पाच संगणकात घ्यायला तितकाच वेळ लागला, जितका त्या बघायला लागतो, कारण तीन तासांची फीत तीन तासच फिरते. तशी एक कॅसेट एच.२६४ मध्ये साडेपाच जीबीच्या आसपास बसते आणि वायफायला तिचे काहीच ओझे होत नाही.

ओझे झाले ते नावांचे. फोनने ठेवलेली नावे टीव्हीच्या यादीत 'व्हीआयडी' आणि पुढे चौदा आकडे अशी दिसतात. त्यांतून मुंज शोधणे म्हणजे रेशनकार्डाच्या क्रमांकावरून माणूस ओळखण्यासारखे आहे. शेवटी वहिनीने आईला शेजारी बसवून प्रत्येक फाइलला नाव दिले. आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. पाचवी कॅसेट लावली तेव्हा आई बराच वेळ पाहत राहिली. मांडव आमच्याच अंगणातला होता, पंगतीत वाढणारे माझे वडील होते, पण बोहल्यावर उभी असलेली जोडी काही केल्या कोणाच्या ओळखीची निघेना. वहिनीने त्या फाइलला 'कोणाचे तरी लग्न' असे नाव दिले. तिला वर्ष नाही, म्हणून टीव्हीवर ती सगळ्यात शेवटी दिसते, आणि गावातले कोणी वयस्कर माणूस घरी आले की आई तीच आधी लावायला सांगते.

नमस्कार.