न वटवलेले चेक

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेचा रानटी पश्चिम म्हटला की डोळ्यांपुढे घोडा, टोपी आणि पिस्तूल येतं. पण १८७० च्या जनगणनेत आयडाहोमध्ये दर दहा माणसांत जवळजवळ तीन चिनी होते. बहुतेक दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगचे, सोन्यामागे आलेले. गोऱ्यांनी सोडून दिलेल्या खाणींतली माती ते पुन्हा धुवून काढायचे.

शेजारच्या ओरेगॉनमध्ये जॉन डे नावाचं खाणीचं गाव आहे. तिथे १८८७ मध्ये एक वैद्य आला, इंग हे. (आडनाव ‘इंग’, त्याचं स्वतःचं नाव ‘हे’. ‘आमचे हे’ म्हणणाऱ्या बायकांनी हसू नये!) लंग ऑन या दुसऱ्या चिनी माणसाच्या भागीदारीत त्यानं ‘काम वा चुंग’ हे दुकान घेतलं. दगडी, बुटकी इमारत. आत किराणा, औषधांच्या डब्यांच्या रांगा, देव्हारा, वाटसरूंना झोपायला फळ्या. लंग ऑन फर्डा इंग्रजी बोलायचा; पुढे त्यानं मोटारीही विकल्या.

वैद्य इंग मनगट धरून नाडी बघायचा. आपल्याला यात नवल नाही, पण गोऱ्या गुराख्यांना होतं. तरी ते लांबलांबून यायचे, बायकापोरांना आणायचे.

आणि कायदा? चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी १८८२ पासून. ती उठली १९४३ मध्ये. हे गावात आला त्याच वर्षी स्नेक नदीच्या दरीत तीसएक चिनी खाणकामगारांची कत्तल झाली. शिक्षा कुणालाच झाली नाही. ज्यांची नाडी तो बघे, त्यांच्याच मतांवर हे कायदे उभे होते. मला तरी ही गोष्ट पचत नाही.

खाणी आटल्या, वस्ती पांगली. इंग हे आणि लंग ऑन मात्र राहिले. दोघांच्याही बायका चीनमध्येच राहिल्या. लंग ऑन १९४० मध्ये गेला, हे १९५२ मध्ये. दुकानाला १९४८ मध्येच कुलूप लागलं होतं; गाव ते विसरून गेलं.

पुढे १९६७ मध्ये दार उघडलं, तर औषधं जागच्या जागी. हेच्या पलंगाखाली रोग्यांनी दिलेले, त्यानं कधीच न वटवलेले चेक. सुमारे २३,००० डॉलरचे. त्यातले बरेच १९३० च्या दशकातल्या मंदीच्या काळातले. देणाऱ्याची ओढाताण त्याला ठाऊक असावी.

आणि घरून आलेली पत्रं. तीही जपून ठेवलेली.