आत्म्याची खतावणी

(दृश्य : पहाट. तळ्यावर धुकं. काठावर एका खोलीचं लाकडी घर.)

फळ्या, ८ डॉलर साडेतीन सेंट. जुन्या विटा एक हजार, ४ डॉलर. खडू, १ सेंट. गिलाव्यात कालवायचे केस, ३१ सेंट. पुढे शेरा, लागले त्याहून जास्तच आणले. एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट.

वाटतं एखाद्या गवंड्याची चिठ्ठी. पण हा हिशोब अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरोचा आहे. १८४५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावाबाहेर, वॉल्डन तळ्याकाठी त्यानं स्वतःच्या हातानं घर बांधलं, आणि त्याचा जमाखर्च १८५४च्या ‘वॉल्डन’ या पुस्तकात छापला. जगावं कसं, हे सांगणाऱ्या पुस्तकात केसांचे ३१ सेंट कशाला?

त्यासाठी दोनशे वर्षं मागं जावं लागेल.

(दृश्य : समुद्र. शिडाचं जहाज. मग मेणबत्ती, बोरू, कोरी वही.)

१६३०. इंग्लंडमधले प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीचे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, अमेरिकेत बोस्टनच्या किनाऱ्याला लागले. कोण तरणार आणि कोण बुडणार, हे देवानं सृष्टीच्या आधीच ठरवून टाकलंय, अशी त्यांची श्रद्धा. आपला चित्रगुप्त निदान कर्म घडल्यावर लिहितो. इथं निकाल आधीच लागलेला, फक्त तो ऐकवलेला नाही. पुण्य करून काही बदलत नाही. माणसाच्या हाती एवढंच, की आपण निवडलेल्यांपैकी आहोत का, याच्या खुणा शोधत राहायचं. आज प्रार्थनेत मन लागलं का? मूल आजारी पडलं, ते कशाची शिक्षा म्हणून? हे सगळं रोजनिशीत उतरायचं. अमेरिकेतलं सुरुवातीचं इंग्रजी लेखन बरंचसं या धास्तीतून आलंय: रोजनिश्या, प्रवचनं, स्तोत्रं. भाषा साधी, अलंकाराला जागा नाही. नटवेपणाचा संशय यायचा.

पण माणूस तेवढ्यात मावत नाही. १० जुलै १६६६च्या रात्री ॲन ब्रॅडस्ट्रीट या कवयित्रीचं घर जळालं. तिनं त्यावर कविता लिहिली. देवानं दिलं, देवानं नेलं, असं ती सुरुवातीलाच म्हणते. आणि मग? मग राखेकडे बघत वस्तू मोजत बसते. इथं पेटी होती, इथं ती आवडती सामानाची संदूक. या मेजावर आता पाहुणा जेवणार नाही. शेवटी ती स्वतःला दटावते आणि खरी ठेव स्वर्गात आहे असं म्हणून वही मिटते. मला स्वतःला ती संदूकच जास्त खरी वाटते.

(दृश्य : सेलम. कबरस्तानातले दगड.)

वहीचा दुसरा चेहरा बोस्टनजवळच्या सेलम गावचा. १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. न्यायाधीशांपैकी सॅम्युअल स्यूअल हा पन्नासहून अधिक वर्षं रोजनिशी लिहिणारा माणूस. आपल्यावर आणि घरादारावर देवाचे घाव पुन्हा पुन्हा पडताहेत, हे त्याला दिसलं. जानेवारी १६९७मध्ये तो बोस्टनच्या चर्चमध्ये सगळ्यांदेखत उभा राहिला, आणि धर्मगुरूनं त्याचा कबुलीचा कागद वाचून दाखवला.

दुसरा न्यायाधीश जॉन हॅथॉर्न. त्यानं माफी मागितली नाही. त्याचा वंशज, कादंबरीकार नॅथॅनिएल यानं आडनावात एक अक्षर घुसवलं आणि तो हॉथॉर्न झाला. १८५०च्या ‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीच्या प्रास्ताविकात त्यानं पूर्वजांची लाज आपल्या शिरावर घेतली. दीडशे वर्षांची थकबाकी होती ती.

(दृश्य : छापखाना. शाईचे हात. तांबड्या रेघांची छोटी वही.)

मधल्या काळात देव जरा लांब गेला. सृष्टीचं घड्याळ त्यानं बनवलं, आता ते नियमानं चालतंय, असं मानणारी पिढी आली. बेंजामिन फ्रँकलिन हा बोस्टनच्या प्युरिटन घरातला, मेणबत्त्या बनवणाऱ्याचा मुलगा. नरकाची धास्ती त्यानं टाकली, वही काही टाकली नाही. आत्मचरित्रात तो सांगतो: एका पानावर तांबड्या शाईनं आठवड्याचे सात रकाने, तेरा गुणांच्या तेरा ओळी. चूक झाली की काळा ठिपका. आधी गुण बाराच होते. क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्रानं सांगितलं, बाबा रे, लोक तुला गर्विष्ठ म्हणतात. तेव्हा नम्रता तेरावी आली! ठिपके खरवडून खरवडून कागदाला भोकं पडली, म्हणून त्यानं हस्तिदंती पानांची वही केली. पेन्सिलीचे डाग ओल्या स्पंजानं पुसायचे, की पुन्हा कोरं पान. ब्रॅडस्ट्रीटच्या पिढीला हे ऐकून धक्का बसला असता.

(दृश्य : काँकर्ड. पानगळ.)

मग विचारवंत, निबंधकार राल्फ वाल्डो इमर्सन. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या धर्मोपदेशक. १८३२ साली प्रभुभोजनाच्या विधीवर मन बसेना म्हणून त्यानं बोस्टनचं धर्मपीठ सोडलं. १८३६च्या ‘नेचर’मध्ये त्यानं मांडलं, की ईश्वर जुन्या पोथीत गाडलेला नाही, रानात एकट्या उभ्या असलेल्या माणसात तो आत्ता वाहतोय. असं असेल तर खुणा कशाला शोधायच्या? तरी इमर्सन आयुष्यभर टिपणं लिहीत राहिला, आणि त्या वह्यांना आपली बचत बँक म्हणायचा.

२२ ऑक्टोबर १८३७. ‘तू रोजनिशी लिहितोस का?’ असं वीस वर्षांच्या थोरोला कुणीतरी विचारलं, बहुधा इमर्सननंच. थोरोनं त्याच दिवशी पहिली नोंद केली. पुढे घर बांधलं तेही इमर्सनच्याच जागेत. आत्म्याच्या वहीत आता विटा, शेंगा आणि तळ्याची खोली मावू लागली.

(दृश्य : गोठलेलं तळं. करवती, घोडे, बर्फाच्या लाद्या.)

१८४६-४७च्या हिवाळ्यात मजूर आले आणि तळ्याचा बर्फ कापू लागले. बोस्टनच्या व्यापाऱ्यांचा बर्फ तेव्हा जहाजानं कलकत्त्याला, मुंबईला जात असे. थोरो सकाळी इंग्रजीतून भगवद्गीता वाचायचा. मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे घामाघूम लोक माझ्या विहिरीचं पाणी पिताहेत, असं त्यानं लिहिलं. वॉल्डनचं पाणी गंगेत मिसळलं, असंही.

आणि लगेच हिशोब. काठावर रचलेली रास अंदाजे दहा हजार टनांची, गवत आणि फळ्यांनी झाकलेली. थोडा बर्फ उचलून नेला. उरलेला उन्हात पडून राहिला, सप्टेंबर १८४८पर्यंत पुरता वितळला. नोंद अशी, की बहुतेक सगळं तळ्याला परत मिळालं.