मेंढरांच्या मागून : सांतो स्तेफानो दि सेस्सानियोचा परिसर

श्रोतेहो, नमस्कार.

इटलीच्या मध्यभागी, आब्रुझ्झो प्रांतात, सांतो स्तेफानो दि सेस्सानियो नावाचे एक डोंगरी गाव आहे. समुद्रसपाटीपासून १,२५१ मीटर उंचीवरच्या या गावात बारमाही राहणारी माणसे आज शे-सव्वाशेच्या आसपास उरली आहेत. गावात शिरताना दगडी वेशीच्या कमानीवर एक ढाल कोरलेली दिसते आणि त्या ढालीवर गोळे आहेत. इटलीचा इतिहास ज्याने थोडाफार वाचला आहे तो तेथे थबकतो, कारण ते चिन्ह फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचे आहे. पेढीवर पैसा कमावून पोपच्या गादीपर्यंत पोचलेल्या या घराण्याला आपल्या मुलखापासून इतक्या दूर, नेपल्सच्या राज्यातल्या या आडगावात काय हवे होते, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर एका शब्दाचे आहे : लोकर. या परिसरातला किल्ला, पठार, देवळे आणि पायवाटा या सगळ्यांचा उलगडा मेंढरांच्या मागून चालत गेले तरच होतो, असे माझे मत आहे. म्हणून आज आपण तसेच जाणार आहोत.

मेदिचींनी ही जहागीर १५७९ मध्ये पिक्कोलोमिनी घराण्यातील कोस्तान्झा हिच्याकडून विकत घेतली आणि १७४३ पर्यंत, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे, ती त्यांच्याकडे राहिली. येथल्या मेंढ्यांची काळी, जाडीभरडी लोकर ‘कारफान्या’ या नावाने ओळखली जाई. ती सरदारांच्या अंगरख्यांसाठी नव्हती. सैनिकांचे गणवेश आणि मठातल्या संन्याशांचे झगे यांसाठी ती वापरत. सैन्य आणि मठ ही दोन्ही गिऱ्हाइके कधी आटणारी नव्हती, हे सावकाराच्या नजरेने हेरले असले पाहिजे. गावातल्या खिडक्यांच्या कोरीव चौकटी आणि दगडी कमानी पाहिल्या की त्या पैशाचा थोडा वाटा गावातही मुरला होता, हे कळते.

या गावाला वेगळा तट नाही. कडेची घरेच एकमेकांना चिकटवून बांधलेली असून त्यांच्या मागच्या भिंतींनी तटाचे काम केले आहे. आतल्या गल्ल्या अनेक ठिकाणी घरांच्या खालून, कमानींच्या बोगद्यांतून जातात. हिवाळ्यात बर्फ साचले तरी माणसाला या घरातून त्या घरात जाता यावे, हा त्यातला हेतू. गावाच्या मधोमध एक गोल बुरूज आहे. त्याला ‘मेदिचींचा बुरूज’ म्हणतात, परंतु तो मेदिचींच्या आधीचा आहे. ६ एप्रिल २००९ च्या पहाटे लाक्विला शहराला भूकंपाने उद्ध्वस्त केले आणि तीनशेहून अधिक माणसे दगावली, त्या रात्री हा बुरूजही ढासळला. विसाव्या शतकात त्याच्या माथ्यावर घातलेले सिमेंट-काँक्रीटचे जड छत हे त्या पडझडीचे एक कारण मानले जाते. शतकानुशतकांचे धक्के सोसलेल्या चुन्या-दगडाच्या बांधकामाला मजबुतीच्या नावाखाली केलेली डागडुजीच बाधली, असाच त्याचा अर्थ होतो. पुढे बुरूज पुन्हा बांधण्यात आला.

हे गाव इतके जुने कसे राहिले, याचे कारण मात्र फारसे गोड नाही. लोकरीचा धंदा बसला, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत माणसे अमेरिकेला आणि उत्तरेकडच्या कारखान्यांकडे निघून गेली, आणि नवी घरे बांधायला कोणी उरलेच नाही. १९९९ मध्ये दानिएले किहल्ग्रेन हा तरुण मोटरसायकलवरून भटकत येथे पोचला आणि त्याने ओसाड घरे विकत घेण्यास सुरुवात केली. त्यातून जे हॉटेल उभे राहिले त्याला एक इमारत नाही. एक खोली या गल्लीत, दुसरी त्या चौकात, अशा साऱ्या खोल्या गावभर विखुरलेल्या आहेत. भिंतीवरची काजळीसुद्धा तशीच ठेवली आहे. गरीब धनगराच्या घरातली काजळी आज महागड्या भाड्याने राहायला मिळते, ही गोष्ट मला थोडी खटकते. पण त्या हॉटेलाअभावी छपरे केव्हाच कोसळली असती, हेही मान्य करावे लागते.

गावाखालच्या उतारांवर मसुराची लहान लहान शेते आहेत. हा मसूर आकाराने अगदी बारीक, काळपट तपकिरी रंगाचा असतो, हजार मीटरच्या वरच पिकतो आणि शिजवण्याआधी भिजत घालावा लागत नाही. लसूण, तमालपत्र आणि ऑलिव्हचे तेल एवढ्यावर त्याचे सूप होते.

सांतो स्तेफानोहून पायवाटेने दीड-दोन तास चालले की रोक्का कालाशो हा किल्ला लागतो. १,४६० मीटर उंचीवरचा हा किल्ला आपेनाईन पर्वतरांगेतल्या सर्वांत उंच किल्ल्यांपैकी एक आहे. मधला चौकोनी बुरूज चौदाव्या शतकातला, तर भोवतीचे चार गोल बुरूज पंधराव्या शतकातले आहेत. येथे राजा राहत नसे आणि दरबार भरत नसे. खालच्या दऱ्यांतून जाणाऱ्या मेंढवाटांवर नजर ठेवणे आणि एका किल्ल्यावरून दुसऱ्याला इशारा देणे, हेच त्याचे काम होते. १७०३ च्या भूकंपाने किल्ला आणि त्याच्या पायथ्याची वस्ती मोडली आणि बहुतेक लोक खाली कालाशो गावात उतरले. जवळच सांता मारिया देल्ला पिएता हे अष्टकोनी चर्च माळावर एकटे उभे आहे. किल्ल्यातून पाहिले की ते चर्च खाली आणि बर्फाची शिखरे मागे, असे दृश्य दिसते. चित्रपटवाल्यांनी ते १९८० च्या दशकातच हेरले आणि सुटीच्या दिवशी येथे आता चांगलीच गर्दी असते. शक्य असेल तर सकाळी लवकर जावे.

गावाच्या उत्तरेला डोंगर चढून गेले की कांपो इंपेरातोरेचे पठार अचानक समोर पसरते. सुमारे २७ किलोमीटर लांब, सरासरी १,८०० मीटर उंच, आणि झाड म्हणून नाही. फोस्को मराइनी या तिबेटच्या अभ्यासकाने त्याला ‘छोटा तिबेट’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले. खालचा खडक चुनखडीचा असल्यामुळे पावसाचे आणि बर्फाचे पाणी थेट पोटात मुरते. वर नद्या नाहीत, शेती फारशी नाही, फक्त गवत आणि काही तळी. मेंढरांसाठी याहून चांगले रान कोणते? पठाराच्या कडेला कोर्नो ग्रांदे हे २,९१२ मीटर उंचीचे, आपेनाईनमधले सर्वोच्च शिखर आहे. १५७३ मध्ये बोलोन्याचा लष्करी अभियंता फ्रांचेस्को दे मार्की सत्तरीला टेकलेला असताना या शिखरावर पोचला. नोंद असलेली ती पहिली चढाई. शिखराच्या कुशीत काल्देरोने नावाची हिमनदी होती, ती आता दोन तुकड्यांत आक्रसून नावापुरती उरली आहे. याउलट, शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथून नाहीसे झालेले शॅमॉय हे डोंगरी हरिण १९९२ पासून पुन्हा आणून सोडण्यात आले आणि ते चांगले रुजले.

पठाराच्या पश्चिम टोकाला २,१३० मीटरवर एक जुने हॉटेल आहे. १९४३ मध्ये पदच्युत मुसोलिनीला येथे नजरकैदेत ठेवले होते आणि १२ सप्टेंबरला जर्मन सैनिकांनी ग्लायडर उतरवून त्याला पळवून नेले. पुष्कळ प्रवासी केवळ तेवढ्यासाठी वर येतात. मला त्यापेक्षा पठारावरची खाटकाची दुकाने अधिक मोलाची वाटतात. तेथे मेंढीच्या मांसाचे बारीक तुकडे काडीला ओवून मिळतात, त्यांना आर्रोस्तिचिनी म्हणतात. ते विकत घ्यायचे आणि बाहेर मांडलेल्या लांबट शेगड्यांवर आपणच भाजायचे. कळपाजवळ मात्र जाऊ नये. मारेम्मा जातीचे पांढरे राखणदार कुत्रे दिसायला लोभस असले, तरी लांडग्यांशी झुंजण्यासाठीच पोसलेले असतात.

हे गवत बर्फाखाली गेले की मेंढ्यांना येथे राहता येत नसे. म्हणून दर शरद ऋतूत कळप खाली उतरत आणि ‘त्रात्तूरो’ या गवताळ राजमार्गाने दक्षिणेला पूलिया प्रांतातल्या फोज्जाच्या मैदानाकडे जात. लाक्विला ते फोज्जा हा मार्ग २४४ किलोमीटरांचा, आणि त्याची रुंदी १११ मीटर! मेंढरांनी चरत चरत पुढे जावे, म्हणून तेवढी जागा कायद्यानेच राखलेली होती. त्या वेळी नेपल्सच्या गादीवर असलेल्या अरागॉनच्या आल्फोन्सो राजाने १४४७ मध्ये या चराईवर कर बसवण्यासाठी स्वतंत्र जकातखाते काढले. राज्याच्या तिजोरीत त्यातून मोठी भर पडत असे. १८०६ मध्ये ती व्यवस्था मोडली, मैदानात गहू आला आणि वरची गावे हळूहळू रिकामी झाली. ऋतूनुसार कळप हलवण्याच्या या प्रथेला युनेस्कोने २०१९ मध्ये मानवी वारशाच्या यादीत घेतले. वर्षातून दोनदा बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणाऱ्या मेंढपाळांचा वाडा ज्यांनी आपल्या माळावर बसलेला पाहिला आहे, त्यांना यातले बरेच काही न सांगता समजेल.

त्या वाटेवर नावेल्लीच्या सपाटीवर सांता मारिया देई चेंतुरेल्ली हे चर्च आहे. दोन मेंढवाटा येथे मिळतात. जवळच्या बोमिनाको गावातले सान पेल्लेग्रिनोचे लहानसे प्रार्थनागृह बाहेरून गोठ्यासारखे साधे, पण आत १२६३ च्या सुमाराची भित्तिचित्रे छतापर्यंत भरलेली आहेत. ऑक्टोबरमध्ये या सपाटीवर केशराची फुले येतात. ऊन लागून पाकळ्या उमलण्यापूर्वी, पहाटेच ती खुडावी लागतात, आणि किलोभर केशरासाठी दीड-दोन लाख फुले लागतात.

मेंढवाट तेथून पूर्वेकडे उतरते आणि आद्रियातिक किनाऱ्याजवळ सांग्रो नदी ओलांडते. नोव्हेंबर १९४३ मध्ये या नदीच्या काठी मोठी लढाई झाली. तीत आठवी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. तोरिनो दि सांग्रो येथील युद्धस्मशानभूमीत, ज्यांच्यावर त्यांच्या धर्मानुसार दहनसंस्कार झाले अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. आब्रुझ्झोला जाणाऱ्या मराठी माणसाने किनाऱ्याकडचा हा फेरा चुकवू नये. तेथून ऑलिव्हच्या बागा आणि समुद्र दिसतो. आणि जुनी मेंढवाट नदी ओलांडून तशीच पुढे, दक्षिणेला, फोज्जाकडे निघून जाते.

नमस्कार.