सहा आवाज आणि शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

१५५५ सालचा गुड फ्रायडे. दुसरे मार्सेलस हे नवे पोप होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. त्यांनी आपल्या गायकांना बोलावून सांगितलं, की आजच्या शोकाला शोभेल असं गा, आणि शब्द नीट कळतील असं गा. त्या वेळी पोपच्या गायकवृंदात पालेस्ट्रीना नावाचा एक तरुण होता. पोप मार्सेलस बाविसाव्या दिवशी वारले, पण पुढे पालेस्ट्रीनाने आपल्या एका मासला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या प्रार्थनांसाठी रचलेल्या गायनरचनेला, त्यांचं नाव दिलं. तो मास १५६७ साली छापला गेला.

शब्द कळत नाहीत, ही तक्रार तेव्हा खरीच होती. चार-सहा आवाज, प्रत्येकाची चाल स्वतंत्र, प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या क्षणी. एकाचं पहिलं अक्षर दुसऱ्याच्या तिसऱ्यावर पडायचं. या मासमधली लांब प्रार्थना, म्हणजे ‘क्रेडो’, ऐका. तिथे पालेस्ट्रीना बरेचदा सहापैकी तीन-चारच आवाज एकत्र घेतो आणि एकाच वेळी एकच शब्द म्हणायला लावतो. मग दुसरा गट पुढचं वाक्य उचलतो. साथीला एकही वाद्य नाही, तरी रंग बदलत राहतो.

मासचा पहिला भाग म्हणजे ‘कीरिए’. त्याची सुरुवात मला विशेष प्रिय आहे. एकच सूर पुन्हा पुन्हा, मग षड्जापासून मध्यम जितका दूर तितकी वर झेप, आणि लगेच पायरी-पायरीने खाली. झेप घेतली की उलट दिशेने हळूच परतायचं, ही पालेस्ट्रीनाची सवय. खटकणारा सूर तो आधी जुळलेल्या अवस्थेत धरतो, भोवतीचे सूर बदलले की तोच सूर टोचतो, आणि मग एक पायरी उतरून निवतो.

या मासमुळे चर्चमधलं बहुस्वरी संगीत बंदीतून वाचलं, असं सांगतात. ती दंतकथा आहे, आणि पालेस्ट्रीनाचं मोठेपण कळायला तिची गरजही नाही. १७२५ मध्ये फुक्स या ऑस्ट्रियन संगीतकाराने पालेस्ट्रीनाला गुरू मानून स्वररचनेचं पाठ्यपुस्तक लिहिलं, आणि पुढचा थोर संगीतकार हायडन त्यावरच शिकला.

आता मासचा शेवटचा भाग, ‘आन्युस देई’, त्यातला अखेरचा तुकडा ऐकू या. इथे सहाचे सात आवाज होतात. त्यांतले तीन एकच चाल एकामागून एक गातात. पहिल्यांदा ऐकताना त्यांतल्या एकाचाच हात धरा.