प्लेअर महाग, पण कान तेच

मंडळी, बोलायला सुरुवात करायच्या आधी हा माझा गाणी ऐकायचा महागडा प्लेअर पहिल्या रांगेत देतोय, हातोहात मागे जाऊ दे, फक्त पाडू नका कोणी. ऐकायचा नाहीये, नुसता हातात धरून बघायचाय. बघितलंत, पहिल्यांदा जाणवतं ते वजन. आणि वजन जाणवलं रे जाणवलं की डोकं परस्पर ठरवून मोकळं होतं की हा भारीच वाजणार. अजून एक सूर कानावर पडलेला नाही आणि निकाल लागला पण.

कंपन्यांना हे पक्कं माहितीये. सोनीने २०१६ मध्ये एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेड नावाचा वॉकमन काढला, त्याची बॉडी तांब्याची, वरून सोन्याचा मुलामा, वजन ४५५ ग्रॅम, किंमत साधारण ३,२०० डॉलर. म्हणजे जवळपास अर्धा किलो खिशात. १९७९ साली त्याच कंपनीने पहिला वॉकमन काढला तेव्हा सगळं कौतुक तो छोटा आणि हलका आहे याचं होतं, आणि आता जड असणं हाच मोठेपणा. तांब्यामुळे आवाज सुधारतो असंही सांगितलं जातं. असो, प्लेअर दिसायला देखणा आहे यात वाद नाही.

आता आत काय असतं ते बघू. फाइलमध्ये असतात नुसते आकडे. डॅक नावाची चिप त्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करते आणि मग छोटा अ‍ॅम्प त्या लहरीला हेडफोन हलवण्याइतकी ताकद देतो. आवाजाच्या बाबतीत प्लेअरचं काम एवढंच. सीडीमध्ये आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे मोजमापं असतात, त्यामुळे त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंतचा आवाज त्यात मावतो, आणि आपला कान, तोही लहान मुलाचा, २०,००० च्या आसपास थांबतो, पुढे वय वाढेल तसा अजून खाली येतो. मी माझा आकडा सांगणार नाही. सीडीतला एकेक नमुना १६ बिटचा, म्हणजे एका बिटला साधारण ६ डेसिबल धरले तर ९६ डेसिबल, सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजामधलं अंतर. शांत खोलीतसुद्धा २५-३० डेसिबलची गुणगुण चालूच असते, तिच्यावर ९६ ठेवा, कान दुखायला लागतील. थोडक्यात, कानाची गरज भागेल एवढं काम करणारी चिप बनवणं ही गोष्ट कधीच सुटलेली आहे. अ‍ॅपलचा तो ९ डॉलरचा यूएसबी-सीवाला डोंगल, शेपटीसारखी वायर असलेला, ज्याला आपण अ‍ॅडॉप्टर समजून ड्रॉवरमध्ये टाकतो, त्याच्यात आख्खा डॅक आणि अ‍ॅम्प असतो, आणि लोकांनी मोजून बघितलाय, अगदी स्वच्छ निघाला.

मग फरक नसतोच का? असतो की. पण आपण शोधतो तिथे नसतो.

इथे जरा थांबतो कारण खरी मजा इथेच आहे आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. प्रत्येक प्लेअरच्या सॉकेटचा स्वतःचा एक विरोध असतो, आउटपुट इम्पीडन्स म्हणतात त्याला, आणि समोर हेडफोनचा स्वतःचा असतो. मिळालेला व्होल्टेज हे दोघं वाटून घेतात. हेडफोनचा विरोध सगळ्या सुरांना सारखा असेल तर काही बिघडत नाही, आवाज थोडा कमी येईल इतकंच. पण कानात घालायचे जे महागडे इअरफोन असतात ना, एकेका कानात चार-पाच इवलेसे ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर बसवलेले, त्यांचा विरोध सुरासुराला बदलतो. विरोध मोजतात ओहममध्ये. समजा एका सुराला तो ८ ओहम आहे आणि दुसऱ्याला ४०. प्लेअरचा १ ओहम असेल तर या दोन सुरांत एक डेसिबलपण फरक पडत नाही. तोच प्लेअरचा १० ओहम असला की हिशोब केलात तर पाच डेसिबलच्या आसपास फरक येतो, म्हणजे कोणीतरी गुपचूप इक्वलायझर फिरवून गेल्यासारखं. हा फरक कोणालाही ऐकू येईल, त्याला सोनेरी कान लागत नाहीत.

आणि गंमत म्हणजे यात महागड्याने मार खाल्लेला आहे. अ‍ॅस्टेल अँड कर्नचा पहिला एके१००, खास रसिकांसाठी काढलेला प्लेअर, त्याचा आउटपुट इम्पीडन्स होता २२ ओहम, पुढच्या आवृत्तीत त्यांनी तो ३ वर आणला. आणि त्याच सुमाराला सॅनडिस्कचा सांसा क्लिप, शर्टाला अडकवायचा चिमुकला प्लास्टिकचा डबा, किंमत अगदी किरकोळ, त्याचा १ ओहमच्या जवळपास. तर म्हणजे एखाद्याने दोन्ही प्लेअर त्या चार ड्रायव्हरवाल्या इअरफोनवर ऐकले आणि म्हणाला की आवाज वेगळा आहे तर तो खोटं नाही बोलत, वेगळाच आहे, पण वेगळा म्हणजे चांगला हे त्याने मनानेच जोडलं.

दुसरी खरी गोष्ट म्हणजे ताकद. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या, ३०० ओहमचा, एका व्होल्टला साधारण ९७ डेसिबल आवाज देतो. तो ९ डॉलरचा डोंगल एक व्होल्टच देतो, युरोपात विकतात तो तर त्याच्या निम्माच. रोजच्या ऐकण्याला ९७ डेसिबल रग्गड झाले, पण मोठ्या वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग, जे एरवी हळू असतं आणि मध्येच उसळतं, त्याच्या एखाद्या क्षणाला ११० लागले तर साडेचार व्होल्टच्या आसपास पाहिजेत, आणि ते डोंगलच्या बापाला जमणार नाही. तिथे मोठा प्लेअर हवा किंवा वेगळा अ‍ॅम्प हवा. उलट बाजूने, तोच ताकदवान प्लेअर नाजूक इअरफोनला लावलात तर गाणं सुरू व्हायच्या आधी बारीक हिस ऐकू येईल, सूं... असा. मी स्वतः ऐकलाय, माझ्याच पैशाने.

माझीच गोष्ट सांगतो, सांगायला लाज वाटते पण सांगतो. हा जो प्लेअर आत्ता तुमच्या हातात फिरतोय तो घेतला तेव्हा मी महिनाभर सगळ्यांना सांगत सुटलो होतो की स्टेज मोठं झालं, झांजा सुट्या ऐकू येतात, पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतं वगैरे, रिव्ह्यूमध्ये असतं ते सगळं. मित्र म्हणाला टेस्ट करू. डोळ्यांवर रुमाल, तो हा आणि दुसरा एक प्लेअर आलटून पालटून लावणार, मी ओळखणार. दहापैकी दहा! मी हवेत. मग तो शांतपणे म्हणाला, आवाज मोजलास का? नव्हता मोजला, दोन्हीकडे कानाला सारखा वाटेल असा ठेवला होता. व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर लावला तर माझा लाडका दीड डेसिबल मोठा निघाला. मोठा आवाज कानाला नेहमी जास्त भरीव लागतो, बास जास्त, बारकावे जास्त, आणि फरक इतका थोडा असतो की हा मोठा आहे असं न वाटता हा चांगला आहे असंच वाटतं. मग आवाज नीट जुळवून पुन्हा बसलो, १६ फेऱ्या. ९ बरोबर. १६ पैकी ८ तर नाणं उडवूनही येतात. निदान १२ आले असते तर म्हणता आलं असतं की काहीतरी ऐकू येतंय, कारण नुसत्या नशिबाने तेवढे यायची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे. ९ म्हणजे काहीच नाही. रुमाल काढला तेव्हा मित्र हसला नाही, त्याचंच जास्त लागलं.

मोठ्या प्रमाणावरही असं झालंय. नील यंग या गायकाने पोनो नावाचा प्लेअर आणला, २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर लोकांनी ६२ लाख डॉलरच्या वर पैसे दिले, प्लेअर ३९९ डॉलरचा. २०१५ मध्ये डेव्हिड पोग या पत्रकाराने १५ जणांना न सांगता पोनो आणि आयफोन ऐकवले, पोनोचा विजय काही झाला नाही. आता १५ माणसं म्हणजे फार नाहीत, मी त्यावर निकाल देणार नाही. त्यापेक्षा २००७ ची मेयर आणि मोरान यांची चाचणी मला जास्त पटते. त्यांनी हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं रेकॉर्डिंग तसंच्या तसं ऐकवलं आणि मग तेच सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवलं, ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं आली २७६. बरोब्बर अर्धी म्हणा ना. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचे निकाल एकत्र केले तर बरोबर उत्तरांचा आकडा ५२.३ टक्के आला, आणि ज्यांना आधी शिकवून तयार केलं होतं त्यांचा अजून वर. म्हणजे शून्य नाही हो, काहीतरी बारीकसं आहे, ते मी नाकारत नाही. फक्त ते इतकं बारीक आहे की ट्रॅफिकमध्ये उभं राहून ऐकताना त्याच्यासाठी तीन हजार डॉलर द्यायचे का हे ज्याचं त्याने बघावं.

मधल्या रांगेतून प्रश्न आलाय, मग पैसे घालायचे कुठे? हेडफोनमध्ये, डोळे झाकून. म्हणजे तिथेही डोळे झाकूनच, कारण जेरोन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोन मोजले आणि किंमत आणि आवाजाचा समतोल यांचा काही संबंधच सापडला नाही. पण दोन हेडफोनमधला फरक निदान खराखुरा असतो, आंधळी टेस्ट घ्या, पहिल्या दहा सेकंदात ओळखाल. महाग प्लेअरचे इतर फायदे आहेतच, कार्ड टाकता येतं, बटणं असतात, मध्येच कोणाचा फोन येत नाही, आणि २०१६ मध्ये आयफोन ७ ने हेडफोनचं भोक काढून टाकल्यापासून ते भोक असणं हेसुद्धा एक फीचर झालंय. मी माझा विकला नाही तो याच कारणांसाठी.

घरी करून बघायचं असेल तर शे-दोनशे हर्ट्झचा एकच सलग सूर दोन्ही प्लेअरवर लावा, हेडफोन जोडलेलाच ठेवा आणि मल्टीमीटरने एसी व्होल्ट मोजून दोन्ही सारखे करा. हजार हर्ट्झचा सूर नको, स्वस्त मीटर तिथे चुकतात. बदलायला दुसरा माणूस हवाच, आणि तो तोंडाने काही न बोलणारा हवा.

आणि तिकडे मागे ज्या ताई गळ्यात वायरलेस हेडफोन घालून बसल्यात आणि मघापासून माझा प्लेअर निरखतायत, त्यांना सांगतो, ब्लूटूथवर ऐकणार असाल तर त्या प्लेअरचा डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही झोपलेले असतात. आकड्यांचा आवाज तुमच्या गळ्यातल्या हेडफोनमध्ये होतो. तुमचा डॅक तुम्ही आधीच विकत घेतलाय.