मंगळ जवळ येतो, तो नेमका पावसाळ्यात

नमस्कार श्रोतेहो. दर ऑगस्टमध्ये एक निरोप मोबाइलवरून फिरतो. तुम्हालाही आला असेल. २७ तारखेच्या रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र उगवणार, ही संधी सोडू नका, वगैरे. निरोप वीस वर्षांहून जुना आहे आणि खोटा आहे. पण त्याच्या पोटात एक खरी गोष्ट आहे. २७ ऑगस्ट २००३ या दिवशी मंगळ पृथ्वीपासून ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. त्याआधीच्या जवळजवळ ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. त्या वेळच्या मूळ ईमेलमध्ये म्हटलं होतं, की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला, तर तो नुसत्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र दिसतो तेवढा दिसेल. हिशेब बरोबर होता. पुढे ढकलता ढकलता त्यातली दुर्बीण गळून पडली आणि चंद्र तेवढा उरला.

आता, मंगळ कधी जवळ, कधी लांब, असं का होतं? पृथ्वी आतल्या कक्षेत आहे आणि वेगवान आहे, सेकंदाला साधारण ३० किलोमीटर. मंगळ बाहेरच्या कक्षेत, सेकंदाला २४ किलोमीटर. आपलं वर्ष ३६५ दिवसांचं, त्याचं ६८७ दिवसांचं. त्यामुळे दर २६ महिन्यांनी पृथ्वी मंगळाला गाठते आणि मागे टाकते. पंचांगात मंगळ वक्री म्हणून लिहिलेला असतो, तो याच दिवसांत. तो उलटा फिरत नसतो; आपण पुढे निघून जात असतो, म्हणून तो मागे सरकल्यासारखा दिसतो. सूर्य एका बाजूला, मध्ये पृथ्वी आणि पलीकडे मंगळ, अशी रांग लागली की तिला प्रतियुती म्हणतात. तेव्हा सूर्य मावळताना मंगळ पूर्वेला उगवतो आणि रात्रभर आकाशात राहतो.

पण सगळ्या प्रतियुती सारख्या नसतात. मंगळाची कक्षा चांगलीच लांबट आहे. सूर्यापासून त्याचं अंतर कमीत कमी २० कोटी ६७ लाख आणि जास्तीत जास्त २४ कोटी ९२ लाख किलोमीटर, म्हणजे सव्वाचार कोटींचा फरक. आपल्या पृथ्वीच्या बाबतीत हाच फरक जेमतेम ५० लाखांचा आहे. मंगळाच्या या लांबटपणाने योहानेस केप्लरला वर्षानुवर्षं छळलं. टायको ब्राहेने दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या मंगळाच्या नोंदी त्याच्या हाती होत्या. वर्तुळ धरून गणित केलं की मंगळ नोंदीपेक्षा आठ कला बाजूला पडायचा. आठ कला म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या पाव भागाएवढं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चालायचंच! केप्लरने मात्र टायकोवर विश्वास ठेवला आणि वर्तुळ सोडून दिलं. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे १६०९ मध्ये छापून आलं, ते मंगळामुळे. शुक्र घेऊन बसला असता तर हाती काही लागलं नसतं, कारण शुक्राची कक्षा जवळपास गोलच आहे.

आणि आता आपल्या दृष्टीने गैरसोयीचा भाग. मंगळ ज्या दिशेला सूर्याच्या सर्वांत जवळ येतो, त्या दिशेला पृथ्वी दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस पोचते. म्हणून मंगळाच्या जवळच्या प्रतियुती जुलै ते सप्टेंबर याच काळात होतात. म्हणजे आषाढ, श्रावण, भाद्रपद. म्हणजे ऐन पावसाळ्यात! २००३ ची ऑगस्टमधली, २०१८ ची २७ जुलैची. २०१८ च्या त्या रात्री तर गुरुपौर्णिमा होती, खग्रास चंद्रग्रहण होतं आणि शेजारी तेजस्वी मंगळ. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैच्या अखेरीस आकाश कसं असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

गंमत अशी, की ढग फक्त आपल्याकडेच येतात असं नाही. मंगळ सूर्याजवळ असतो तेव्हा त्याला लांबच्या टोकावर असतानापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त ऊन मिळतं. त्याचा अक्ष २५ अंशांनी कललेला आहे, जवळजवळ आपल्यासारखाच, त्यामुळे तिथेही ऋतू आहेत. पण ते समान नाहीत. सूर्याजवळून मंगळ भरभर जातो, लांबून रेंगाळत जातो. परिणामी दक्षिण गोलार्धातला उन्हाळा आखूड आणि कडक, तर उत्तरेतला लांबलचक आणि सौम्य. दक्षिणेतल्या त्या कडक दिवसांत जमीन तापते, वारे उठतात आणि कधी कधी धुळीचं वादळ सगळा ग्रह झाकून टाकतं. नोव्हेंबर १९७१ मध्ये मरिनर ९ हे यान मंगळाभोवती फिरायला लागलं, तेव्हा खाली पिवळट धुरळ्याशिवाय काही दिसेना. काही काळे ठिपके तेवढे धुळीतून वर डोकावत होते. धूळ बसल्यावर कळलं, की ती प्रचंड ज्वालामुखींची शिखरं होती. त्यांतला ऑलिम्पस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंच आहे, एव्हरेस्टच्या अडीचपट.

२०१८ मध्ये तेच झालं. मंगळ आपल्या जवळ येत होता आणि तिकडे मे महिन्याच्या अखेरीस वादळ सुरू झालं. ऑपॉर्च्युनिटी नावाची गाडी २००४ पासून तिथे फिरत होती. तिच्याकडून अपेक्षा होती ९० दिवसांची. ती चालायची सूर्यप्रकाशावर. धूळ इतकी दाटली की भरदुपारी सूर्य दिसेनासा झाला. १० जूनला तिचा शेवटचा संदेश आला, आणि पुढे आठ महिने हाका मारून झाल्यावर तिचं काम संपल्याचं जाहीर केलं गेलं. वादळ म्हणजे गाड्या उलथवणारा वारा, असं मात्र समजू नका. मंगळावरची हवा आपल्या हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही विरळ आहे, आणि त्यातही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. ताशी १०० किलोमीटरचा वारासुद्धा अंगाला झुळकीसारखाच लागेल. तिथे घात करतो तो अंधार.

हवा अशी विरळ का? ग्रहच लहान आहे. व्यास ६,७७९ किलोमीटर, पृथ्वीच्या साधारण निम्मा. वस्तुमान जेमतेम एक दशांश. इथे काट्यावर ६० किलो दिसणारा माणूस तिथे २३ किलो दाखवेल. लहान म्हणून आतून लवकर निवला, चुंबकीय कवच गेलं आणि सूर्याकडून येणारा कणांचा झोत हवा हळूहळू ओरबाडत राहिला. दिवस तेवढा ओळखीचा आहे, २४ तास ४० मिनिटांचा.

जवळच्या प्रतियुतींनी खगोलशास्त्राला बरंच दिलंय. १८७७ च्या अशाच एका प्रतियुतीत वॉशिंग्टनमध्ये असाफ हॉल मंगळाचे चंद्र शोधत होते. कंटाळून सोडून देणार होते, तेव्हा पत्नी अँजेलिनाबाईंनी त्यांना पुन्हा दुर्बिणीकडे धाडलं. ऑगस्टमध्ये दोन्ही चंद्र सापडले. त्यांतला फोबोस साडेसात तासांत मंगळाला फेरी मारतो, मंगळाच्या स्वतःभोवती फिरण्याहून कितीतरी लवकर. त्यामुळे तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. त्याच्यावरच्या सर्वांत मोठ्या विवराला बाईंचं माहेरचं नाव आहे, स्टिकनी.

यानं पाठवायचं वेळापत्रकही याच २६ महिन्यांवर चालतं. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोटाहून निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं. ती वेळ हुकली असती तर थेट २०१६ पर्यंत थांबावं लागलं असतं.

बघायचं असेल त्यांच्यासाठी दोन तारखा. एक १९ फेब्रुवारी २०२७, शिवजयंतीची रात्र. मंगळ सिंह राशीत, मघेच्या ठळक ताऱ्याजवळ असेल. अंतर १० कोटी किलोमीटरच्या वर, म्हणून बिंब लहान. पण माघातलं आकाश स्वच्छ, आणि गच्चीवरच्या बऱ्या दुर्बिणीतून उत्तर ध्रुवाची पांढरी टोपी दिसू शकेल. दुसरी १५ सप्टेंबर २०३५. अंतर ५ कोटी ६९ लाख किलोमीटर, बिंब जवळपास दुप्पट रुंद. दिवस मात्र गणपतीचे, अनंत चतुर्दशीच्या आसपासचे, तेव्हा पावसाचा भरवसा नाही. त्या वर्षी एकाच रात्रीवर अवलंबून राहू नका. आधी-नंतरचे दोन-तीन आठवडे मंगळ तितकाच ठळक असतो. ज्या दिवशी उघडीप मिळेल त्या दिवशी बघून घ्या. नमस्कार.