रमेश, राजेश आणि दुबार नोंदी

मंडळी, बँकेत दुबार ग्राहक शोधायचं काम निघालं की पहिला प्रश्न येतो तो सॉफ्टवेअरचा. मी आधी ठेव विम्याचं बोलतो. एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखा धरून, ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे. एकाच माणसाच्या दोन नोंदी राहिल्या तर यादीत त्याला १० लाखांचं कवच दिसतं. हे वाईटच, पण पुढे दुरुस्त होतं. उलट, प्रत्येकी ४ लाख ठेवलेल्या दोन भावांची नोंद एक झाली, तर ८ लाखांवर विमा उरतो पाचाचाच. म्हणून माझं ठाम मत आहे: दुबार नोंद राहिली तरी चालेल, पण दोन माणसं एक होता कामा नयेत.

नावाच्या साधर्म्यावर हा निवाडा का सोडू नये, ते पाहा. व्लादिमिर लेवेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडलेलं अंतर म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ती संख्या. इंग्रजी स्पेलिंगमध्ये रमेश आणि राजेश या दोन भावांत हे अंतर १. वडिलांचं नाव, आडनाव, पत्ता एकच. बऱ्याचदा घरातला मोबाइलही एकच. पण ज्ञानेश्वर हे नाव कुणी डी-एन-वायने सुरू करतं, कुणी जी-वायने, आणि तिथे अंतर निघतं २. म्हणजे संगणकाच्या लेखी दोन भाऊ एकमेकांना जास्त जवळचे, आणि एकच ज्ञानेश्वर स्वतःपासून लांब.

साउंडेक्स, म्हणजे सारख्या उच्चाराच्या नावांना एकच कोड देणारं तंत्र, त्याचंही तेच. रॉबर्ट रसेल यांना १९१८ साली अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं; ते इंग्रजी उच्चारांवर बेतलेलं. लक्ष्मण एक्सने लिहा की के-एसने, कोड एल २५५ येतो, हे छान. पण पाटील आणि पटेल दोघेही पी ३४०! आणि पहिलं अक्षर जसंच्या तसं राहत असल्याने ज्ञानेश्वर एकदा डी ५५२, एकदा जी ५२६. तेव्हा आधी आपल्या नावांसाठी आपले नियम लिहा: ज्ञची सगळी स्पेलिंग एक धरा, व साठीचे व्ही आणि डब्ल्यू एक धरा, गणपतराव-गणपत, सुनंदाबाई-सुनंदा यांतले राव-बाई फक्त तुलनेपुरते काढा.

देवनागरीत वेगळीच गंमत. कऱ्हाडे हे आडनाव ऱ वापरून टाइप होतं, तसंच साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरूनही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, संगणकाला मात्र वेगळी. ही साफसफाई आधी.

एक लाख ग्राहक म्हणजे जवळपास ५०० कोटी जोड्या. त्यामुळे गट पाडूनच तुलना करायची. एकदा पिनकोडवर, पुन्हा एकदा जन्मतारखेवर, म्हणजे एका गटात निसटलेला दुसऱ्यात सापडतो.

मग पुरावा तोलायचा. फेलेगी आणि सुंटर या संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ साली याचं गणित मांडलं: दुर्मीळ गोष्ट जुळली तर वजन जास्त. कोल्हापुरात पाटील जुळलं, त्याचं फारसं काय? जन्मतारीख १ जून जुळली तरी हुरळू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख आपल्याकडे असंख्य लोकांची आहे. पॅन जुळला तर मात्र थांबून बघा. लग्नानंतर जिचं नाव, मधलं नाव, आडनाव सगळंच बदललं, ती खातेदार तर नावावरून कधीच सापडणार नाही. तिथे पॅन, खरी जन्मतारीख आणि केवायसीची कागदपत्रंच कामाला येतात.

या गणितातून तीन ढीग पडतात: नक्की एक, नक्की वेगळे आणि संशयित. संशयितांचा ढीग शाखेकडे पाठवा. काउंटरवरच्या माणसाला हे दोन भाऊ आहेत हे ठाऊक असतं. त्याने ग्राहकाला फोन करावा, सही आणि फोटो पडताळावा, मगच नोंदी जोडाव्यात. जोडतानाही जुना ग्राहक क्रमांक पुसू नका. कुणी, कधी, कशाच्या आधारे जोडलं हे शेजारच्या रकान्यात लिहा, म्हणजे उद्या राजेश पासबुक घेऊन आला तर त्याचं खातं त्याच दिवशी वेगळं करून देता येईल.